झडपेवरचा पोचा

१९९५ चा डिसेंबर. उत्तरेतल्या एका हवाई तळावर मी इंजिन फिटर होतो, हुद्दा कॉर्पोरल. त्याआधीची पाच वर्षं ग्वाल्हेरला मिराज-२००० या लढाऊ विमानावर काढली होती आणि सोव्हिएत बनावटीच्या मिग-२९ वर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. मन अजून मिराजवरच होतं. त्या फ्रेंच विमानाचं पॅनेल बंद केलं की फट शोधावी लागायची. त्याचं एम-५३ इंजिन मॉड्यूल-मॉड्यूलचं, म्हणजे ज्या भागात बिघाड तेवढाच भाग काढायचा, नवा बसवायचा, इंजिन पुन्हा तयार. इकडे मिगची आरडी-३३ इंजिनं ठरलेले तास भरले की सरळ उतरवून ओव्हरहॉलला पाठवायची. त्यात सोव्हिएत संघ फुटल्यापासून सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. ही इंजिनं धूरही असा सोडायची की विमान दिसण्याआधी त्याची काळी रेघ दिसायची.

आमचे सार्जंट कोल्हापूरकडचे. बरेलीला मिग-२५ वर बरीच वर्षं काम केलेले. मी मिराजचं कौतुक सुरू केलं की ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "हात लावून बघ, मग बोल."

त्या सकाळी धुकं साडेदहापर्यंत हललं नाही. फुटलं तशी आमची दोन विमानं निघाली, एकामागे एक. सरावासाठी आलेली मिराजची तुकडी त्यांच्या मागोमाग जाणार होती. पहिलं मिराज डिस्पर्सलमधून, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेतून, बाहेर पडतंय तोच त्यांच्या क्रू चीफने हात आडवा करून ते थांबवलं. आदल्या दिवशी टॅक्सी ट्रॅकच्या, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्याच्या, कडेला डागडुजी झाली होती आणि काम करणाऱ्यांनी उरलेली खडी नीट उचललीच नव्हती. दवाने ओल्या झालेल्या काळ्या डांबरावर काळी खडी. पहाटेच्या तपासणीत धुक्यात ती कुणाला दिसली नव्हती.

टॉवरने सगळं थांबवलं. पण आमची दोन्ही विमानं तोवर उडाली होती.

मग जो हाताशी सापडेल तो माणूस रांगेत उभा राहिला. खांद्याला खांदा, नजर जमिनीवर, हातात डबा, आणि एकेक पाऊल पुढे. आमच्या भाषेत एफओडी वॉक, म्हणजे इंजिनात जाऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू वेचत चालणं. एरवी हे रोजचंच काम, पण त्या दिवशी प्रत्येक खडा डब्यात पडताना त्याचा आवाज कानात बसत होता. हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. जेट इंजिनाच्या पहिल्या पात्यांवर असा खडा बसला तर काय होतं ते मी ग्वाल्हेरला काढून ठेवलेल्या पात्यांवर पाहिलं होतं. नखाएवढी खोक पडते, तिच्यातून चीर निघते, आणि पाती हवेत तुटली तर मागचं सगळं घेऊन जाते. पन्नास मिनिटं आम्ही वाकून चालत होतो आणि माझं निम्मं लक्ष आभाळात होतं.

दोन्ही विमानं सुखरूप उतरली.

इंजिनं थंड होऊ दिली, खिसे रिकामे केले, बूट काढले आणि टॉर्च घेऊन मी दुसऱ्या नंबरच्या विमानाच्या उजव्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या बोगद्यात, शिरलो. हे विमान मागे होतं, म्हणजे पुढच्याच्या झोताने उडालेलं सगळं त्याच्याच तोंडावर आलं असणार. पात्यांपर्यंत पोचलो. प्रत्येक पातीच्या धारेवरून नख फिरवत गेलो. खोक असेल तर डोळ्याला चुकते, नखाला चुकत नाही. एक, दोन, तीन करत सगळा घेर झाला. काहीच नाही. विश्वास बसेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काहीच नाही.

बाहेर येत होतो तेव्हा तोंडाशी वाकून उभे असलेले सार्जंट म्हणाले, "पाती सोड. झडपेवर हात फिरव."

मिग-२९ च्या इनटेकमध्ये एक झडप असते. इंजिन सुरू झालं आणि हायड्रॉलिकचा दाब चढला की ती खाली येते आणि पुढचं तोंड बंद करते. मग इंजिन श्वास घेतं ते पंखाच्या मुळाशी, विमानाच्या पाठीवर असलेल्या फटींतून. विमान धावपट्टीवर साधारण ताशी २०० किलोमीटरला पोचून नाक उचलायला लागलं की झडप उघडते. उतरल्यावर वेग कमी झाला की पुन्हा मिटते. म्हणजे चाकांनी किंवा झोताने खडी उडण्याचा जेवढा काळ, तेवढा काळ इंजिनाचं तोंड मिटलेलं. हे सगळं मी कोर्समध्ये शिकलो होतो, आकृतीही काढली होती. त्यावर माझं मत काय, तर उगाच वाढवलेलं वजन.

पत्र्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी ते खाली गेलं. पोचा. पितळेचं पातेलं आपटल्यावर पडतो तसा, मधोमध रंग उडून धातू चमकत होता. शेजारी आणखी दोन बारीक चरे. खडा आला होता, बसला होता आणि तिथूनच परत गेला होता. माझं बोट त्या पोच्यात किती वेळ होतं कोण जाणे.

मी बाहेर आलो तेव्हा सार्जंट एवढंच म्हणाले, "फ्रेंचांनी झाडू आपल्या हातात दिलाय. रशियानं तो इमानातच बसवलाय."

झडप नीट मिटते-उघडते का ते तपासलं, सगळी नोंद फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, केली. संध्याकाळी चहा घेताना मग सार्जंट मिग-२५ च्या गोष्टीवर आले. सप्टेंबर १९७६ मध्ये बेलेंको नावाचा सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानच्या हाकोदातेला उतरला. अमेरिकन आणि जपानी तंत्रज्ञांनी ते विमान सुटं-सुटं केलं. अंग निकेलमिश्रित पोलादाचं, तेही वेल्डिंग केलेलं. रडारमध्ये काचेच्या निर्वात नळ्या. काही ठिकाणी रिव्हेटची डोकी चक्क वर आलेली. जगभर हसू झालं. "पण ती डोकी कुठं वर होती?" सार्जंटनी विचारलं. जिथे वाऱ्याला त्याने फरक पडत नाही, तिथे. आवाजाच्या पावणेतीन पटीहून जास्त वेगात ॲल्युमिनियम टिकत नाही, आणि टायटॅनियमचा खर्च आणि कटकट नको होती, म्हणून पोलाद. याच विमानांची देखभाल त्यांनी बरेलीला स्वतःच्या हाताने केली होती, म्हणून त्यांच्या बोलण्याला माझ्या लेखी वजन होतं.

तेव्हापासून कुणी "रशियन माल म्हणजे ओबडधोबड" म्हणालं की मला राहवत नाही. काम ओबडधोबड नव्हतं, हिशोब वेगळा होता. युद्धात धावपट्टी फुटलेली असणार, झाडायला माणसं नसणार, मेकॅनिक म्हणजे दोन वर्षांसाठी भरती झालेला पोरगा असणार, हे गृहीत धरून त्यांनी विमान काढलं. पुढच्या चाकालासुद्धा मडगार्ड लावलं. फ्रेंच आणि अमेरिकनांनी धरलं की तळ स्वच्छ असेल आणि हात शिकलेले असतील. अमेरिकन एफ-१६ चं तोंड तर पोटाखाली, जमिनीच्या जवळ. ते विमान उडतं ते रोज जमीन झाडणाऱ्यांच्या जिवावर.

किंमत मिगनेही मोजलीच. पाठीवरच्या त्या फटींनी पंखाच्या मुळाची जी जागा खाल्ली, तिथे इंधन बसलं असतं. मिराज आणि मिग-२९ या दोघांच्याही पोटात साधारण चार हजार लिटरच्या आसपास इंधन, पण मिगला पिणारी इंजिनं दोन. आमचे वैमानिक सतत इंधनाच्या काट्याकडे बघत असायचे. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीची २४ मिग-२९ पश्चिमेच्या हवाई दलात आली, तेव्हा तिथल्या वैमानिकांचीही हीच तक्रार होती. जवळच्या झुंजीत मात्र हेल्मेटने नेम धरून सोडायच्या आर-७३ क्षेपणास्त्राने त्यांना चकित केलं.

शिवाय झडपेचं राज्य जमिनीपुरतंच. ८ जून १९८९ ला पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात सोव्हिएत वैमानिक क्वोचूर यांच्या मिग-२९ च्या उजव्या इंजिनात पक्षी गेला. विमान शंभर मीटरहूनही कमी उंचीवर होतं, नाक खाली गेलेलं. के-३६ आसनाने त्यांना अगदी शेवटच्या क्षणी बाहेर फेकलं आणि ते वाचले. ते आसन आमच्याही विमानात होतं. त्याची सुरक्षेची पिन काढताना आणि लावताना मला दरवेळी ती घटना आठवायची.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी लेकीकडे गोव्याला गेलो. दाभोळीची धावपट्टी नौदलाची, त्यामुळे विमान टॅक्सी करत असताना खिडकीतून नौदलाची मिग-२९ के उभी दिसली. मी बायकोच्या अंगावरून वाकून त्यांची पाठ बघत राहिलो. पंखाच्या मुळाशी फटी नव्हत्या, सपाट पत्रा होता. तिथे आता इंधन भरतात, आणि खड्यासाठी इनटेकच्या आत जाळी येते.

"काय बघताय एवढं?" तिने विचारलं.

मी तिला पोच्याची गोष्ट सांगायला लागलो, तोवर आमचं विमान वळलं होतं.