गुटी क्रमांक १ ते २४: आठव्या आठवड्यापर्यंतची नोंद

रविवारी सकाळी लिंबावरची सात नंबरची गुटी सोडली. गुटी म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ प्लॅस्टिकने बांधायचं; झाडावरच तिला मुळं फुटली की फांदी कापून रोप करायचं. बाहेरून सगळं जागच्या जागी होतं. प्लॅस्टिक घट्ट, वरची-खालची गाठ पक्की, फांदीला हिरवीगार पानं. पण सात आठवडे उलटले तरी प्लॅस्टिकच्या आतून एकही मूळ डोकावेना, म्हणून उघडून बघायचं ठरलं. शेवाळाचा गोळा अलगद बाजूला केला आणि आम्ही सगळेच पुढे वाकलो. जिथे अंगठीसारखी साल काढली होती तिथे एका कडेने काडेपेटीच्या काडीएवढी रुंद, फिकट हिरवी साल वरून खाली येऊन भिडली होती. झाडाने आपली जखम शिवून टाकली होती.

"मग त्याला मुळं काढायची गरजच काय उरली?" आमच्या काकू म्हणाल्या. गुटीचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आलं.

पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, जमिनीतलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. साल गोल काढली की खाली जाणारी वाट तुटते आणि वर येणारी चालू राहते. म्हणून फांदी वाळत नाही, पण अन्न आणि ऑक्झिन हे मुळं फोडणारं द्रव्य अंगठीच्या वरच्या काठाशी साठून राहतं. तिथे ओल आणि अंधार मिळाला की गाठ धरते आणि गाठीतून मुळं फुटतात. सात नंबरला अन्नाला पलीकडे जायला पूल मिळाला. साल काढल्यावर लाकडावर जो बुळबुळीत थर राहतो, तो कॅम्बियमचा. नवी साल तोच तयार करतो. चाकूच्या पाठीने तो खरवडून काढायचा असतो, आणि या गुटीत एका बाजूला तो राहून गेला होता.

आता जरा मागून सांगते. आमच्या बाग मंडळात सध्या बारा जण नेमाने येतात. सर्वांत लहान नववीतली मुलगी, सर्वांत मोठे पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा. पूर्वी आम्ही दर रविवारी जमायचो, एक जण करून दाखवायचा आणि बाकीचे बघायचे. घरी जाऊन कोणी ते केलं, कोणाचं जगलं, कोणाचं मेलं, याचा पत्ता लागत नसे. मेलेल्या रोपाबद्दल माणूस सहसा बोलत नाही. यंदा मी आग्रह धरला की एकच काम सगळ्यांनी, एकाच दिवशी, एकाच जागी करायचं, प्रत्येक कामाला नंबर द्यायचा आणि निकाल वहीत लिहायचा. वहीत नाव नाही, फक्त नंबर. आपला नंबर ज्याचा त्याला माहीत.

काम निवडलं गुटी कलमाचं, कारण आमच्या ताब्यातल्या कोपऱ्यात एक लिंबू, एक डाळिंब आणि क्रोटनची जुनी जाळी आहे. प्रत्येकावर आठ, अशा एकूण चोवीस गुट्या. सम नंबरांना मुळं फुटण्याचं संजीवक, म्हणजे आयबीएची भुकटी, आणि विषम नंबरांना काहीच नाही. प्रत्येकाच्या वाट्याला दोन आल्या, एक सम आणि एक विषम.

फांदी पेन्सिलीएवढ्या जाडीची, साधारण वर्षभराची, निरोगी आणि उन्हात वाढलेली घेतली. पेराच्या लगेच खाली अडीच सेंटिमीटरची अंगठी. चाकूने दोन गोल काप, मध्ये एक उभा काप, मग साल नखानेही सुटते. झाडात रस खेळता असला तर ती गळ्यातल्या मफलरीसारखी निघून हातात येते. डाळिंबाची तशी निघाली नाही, तुकड्या-तुकड्याने निघाली. ते आम्ही तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं, आणि आता निकाल बघताना ती ओळ फार उपयोगी पडली.

शेवाळ अर्धा तास पाण्यात भिजवलं होतं. ते किती पिळायचं यावर बरीच चर्चा झाली. आजोबांनी मुठीत गोळा दाबून दाखवला. "बोटांच्या फटीतून थेंब पडायचा थांबला पाहिजे, पण तळवा ओला राहिला पाहिजे," ते म्हणाले. यापेक्षा चांगलं माप मला ठाऊक नाही. लिंबाएवढा गोळा अंगठीच्या वरच्या काठाला घट्ट बसवायचा, कारण मुळं तिथूनच फुटतात. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि दोन्ही टोकांना सुतळी. क्रोटनवर थेट ऊन येतं, म्हणून तिथे वरून कागदही गुंडाळला. प्लॅस्टिक पारदर्शकच घ्या. गुटी न सोडता मुळं दिसतात, यासारखी सोय नाही.

त्या दिवशी एका ताईंनी विचारलं की पामला अशी गुटी बांधता येईल का. नाही येत. पाम, बांबू यांच्या खोडात सालीखाली असा कॅम्बियमचा सलग थर नसतो, अंगठी काढण्यासारखी सालच नसते.

पहिले तीन आठवडे वहीत नुसतं "बदल नाही". चौथ्या आठवड्यात क्रोटनच्या सोळा नंबरमध्ये पहिलं मूळ दिसलं. कागद उघडला तर प्लॅस्टिकला आतून चिकटलेला पांढरा, दोऱ्याएवढा तंतू. नववीतल्या मुलीने मोबाइलचा दिवा लावून सगळ्यांना पाळीपाळीने दाखवला. त्यानंतर आठवडाभरात क्रोटनच्या आठही गुट्यांत मुळं आली, संजीवक असलेल्या आणि नसलेल्याही. ज्यांना पहिल्यांदाच गुटी बांधायची आहे त्यांनी क्रोटनवरच हात बसवावा असं माझं ठाम मत आहे.

लिंबात सहाव्या आठवड्यापासून मुळं दिसू लागली. आजपर्यंत आठपैकी पाच. डाळिंबात आठपैकी चार. एकूण चोविसांतल्या सतरा. संजीवक लावलेल्या बारांपैकी दहा आणि न लावलेल्या बारांपैकी सात. एवढ्या थोड्या गुट्यांवरून संजीवकाचा जयजयकार करणार नाही, कारण क्रोटनला त्याने काहीच फरक पडला नाही. पण डाळिंबात सम नंबरांच्या तीन आणि विषमाची एकच, हे डोळ्यांत भरतं. डाळिंबावर पुढच्या खेपेला सगळ्यांनाच लावणार.

राहिल्या सात. त्या सातही आम्ही एकामागून एक उघडल्या, आणि माझ्या दृष्टीने या दोन महिन्यांतली सर्वांत चांगली सकाळ ती होती. तिघींत साल पुन्हा जुळलेली. लिंबावरची सात नंबर आणि डाळिंबावरच्या दोन, ज्यांची साल तुकड्यांनी निघाली होती त्याच. दोघींत शेवाळ कोरडं ठणठणीत. खालची गाठ पक्की, पण वरची पट्टी सुतळीखाली सरकून फट पडली होती, आणि मुंग्यांनी आत घर केलं होतं. एकीत नेमकं उलट झालं. तिचीही वरचीच गाठ सैल होती, पण ती फांदी उभी असल्यामुळे मधल्या जोरदार पावसाचं पाणी फांदीवरून ओघळून थेट आत गेलं. शेवाळाला वास मारत होता आणि साल काळी पडली होती. म्हणजे तीन गुट्या एकाच चुकीने गेल्या: वरची गाठ. यापुढे वरच्या गाठीला सुतळीऐवजी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे ठरलं आहे.

शेवटची, डाळिंबावरची एकवीस नंबर, मेलेलीही नव्हती आणि यशस्वीही नाही. अंगठीच्या वरच्या काठावर पांढरी, खडबडीत, फुगीर गाठ आलेली, मूळ मात्र एकही नाही. आजोबांनी ती बघितल्याबरोबर झाकायला लावली. "हिला अजून वेळ द्या," म्हणाले. नवं ओलं शेवाळ लावून पुन्हा बांधली. तिचा नंबर तोच ठेवला आहे.

रोपं पुढे ज्यात लावायची त्या मिश्रणाचं कामही याच दिवसांत चालू होतं, म्हणून कंपोस्टच्या ढिगाचं थोडं सांगते. ढीग साधारण एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. यापेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही. हिरवळ कापली त्या आठवड्यात सगळं ओलं गवत एकाच जाड थरात पडलं आणि चौथ्या दिवशी कोपऱ्यातून जाताना नाकाला रुमाल लावायची पाळी आली. गवताची चटई होऊन हवा जाणं बंद झालं होतं. उपाय सोपा आहे, पण अंगमेहनतीचा. पूर्ण ढीग बाहेर काढला, गवत हाताने सुटं केलं, दुप्पट सुका पाला आणि बोटभर काड्या मिसळून पुन्हा रचला. तिसऱ्या दिवशी मधोमध खुपसलेल्या तापमापीत ६१ अंश दिसले आणि वास गेला होता. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिलं की बहुतेक तणांचं बी मरतं, म्हणून बाहेरच्या कडा आत घालून तो आणखी दोनदा पालटला.

ही थरांची आणि पालटण्याची रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करताना बसवली. तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ साली त्यावरचं पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. ते नाव फारसं घेतलं जात नाही, याची मला रुखरुख वाटते. ढीग पालटताना मी ते मुद्दाम सगळ्यांना सांगितलं.

बियांच्या डब्याचं काम अर्ध्यावर आहे. प्रत्येकाने घरातल्या पुड्या आणल्या, त्यातल्या निम्म्यांवर ना नाव ना वर्ष. ज्यांवर होतं त्यांची उगवण चाचणी घेतली. ओल्या कागदात वीस बिया गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि फुटलेल्या मोजायच्या. चार वर्षांपूर्वीच्या टोमॅटोच्या विसांपैकी सोळा फुटल्या. तीन वर्षांच्या कांद्याच्या विसांपैकी दोन. कांद्याचं बी मुळातच अल्पायुषी, ते दर वर्षी नवंच घ्यावं. बाकीच्यांसाठी एक जुना ठोकताळा आहे: बीमधला ओलावा एक टक्क्याने उतरवला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं तरी तसंच. म्हणून हवाबंद बरणी, तळाशी सिलिका जेल, आणि बरणी थंड जागी. निनावी पुड्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. माझा कल त्या एका वाफ्यात पेरून बघण्याकडे आहे.

परत गुट्यांकडे. क्रोटनच्या आठही सहाव्या आठवड्यात कापल्या. मुळं पांढरी असताना कापायची घाई केली नाही, ती जरा तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू दिले, कारण कोवळं पांढरं मूळ कुंडीत लावताना मोडतं. कापल्यावर निम्मी पानं काढली, प्लॅस्टिक सोडलं, पण शेवाळ तसंच ठेवून गोळ्यासकट लावलं. एकाने शेवाळ झटकून मुळं मोकळी केली होती, ते रोप चौथ्या दिवशी माना टाकून बसलं आणि गेलं. बाकी सात सावलीत उभी आहेत, दोघांना नवं पान फुटतंय.

लिंबाला आम्ही एकदम कापत नाही. गेल्या रविवारी पाचही फांद्यांना गुटीच्या खाली अर्ध्या जाडीपर्यंत खाच दिली. पाणी अर्ध्यावर आलं की नव्या मुळांना कामाला लागावं लागतं. आठवडा झाला, पानं सुकलेली नाहीत. या रविवारी उरलेला अर्धा भाग कापायचा. डाळिंबाच्या चौघींना अजून पंधरा दिवस तरी हात लावणार नाही.

या रोपांना बीच्या रोपासारखं सोटमूळ नसतं, हे ज्यांच्या घरी ती जातील त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. पहिली दोन वर्षं काठीचा आधार लागेल, वाऱ्याच्या जागी लावू नका. बदल्यात झाड हुबेहूब आईसारखं आणि फळ लवकर.

सात नंबर ज्या मुलीची होती, तिने रविवारी ती फांदी सोडून दिली नाही. जुन्या अंगठीच्या वर एक पेर सोडून तिथे नवी अंगठी काढली, या वेळी तीन सेंटिमीटरची. चाकूच्या पाठीने लाकूड खरवडलं, बोट फिरवून बघितलं, अजून बुळबुळीत लागतंय म्हणून पुन्हा खरवडलं. मग फांदी आजोबांच्या पुढे धरली. त्यांनी अंगठा फिरवला आणि मान डोलावली. संजीवक लावलं, वरच्या गाठीला चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. वहीत नोंद: क्रमांक २५, लिंबू.