नियमाचे ओझे कोणाच्या खांद्यावर

संकेतस्थळ उघडले की तळाशी किंवा थेट मधोमध एक पाटी उगवते आणि कुकी, म्हणजे आपल्याला ओळखण्यासाठी आपल्या ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी नोंद, वापरण्यासाठी आपली संमती मागते. ती पाटी मी गेल्या कित्येक वर्षांत एकदाही पूर्ण वाचलेली नाही. हात आपोआप ठळक रंगाच्या बटणाकडे जातो आणि ठळक बटण बहुधा होकाराचेच असते. कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी मी सर्व माहिती घेऊन, कोणत्याही दबावाशिवाय संमती दिलेली असते. प्रत्यक्षात मी वाटेतली धोंड बाजूला सारलेली असते. तंत्रज्ञान कंपन्यांवर सरकारने नियम घालावेत की घालू नयेत, हा वाद कुठेही निघाला की मला ही पाटी आठवते, कारण दोन्ही पक्ष तिचाच दाखला देतात. एकाच्या मते सरकारने हात घातला की असेच व्हायचे. दुसऱ्याच्या मते कंपन्या इतक्या बेरकी आहेत की कोणताही नियम त्या आपल्या सोयीने वाकवतात. मला दोघांचेही म्हणणे अर्धवट वाटते. नियमामुळे जे रोजचे काम निर्माण होते ते कोणाच्या वाट्याला येते, हे दोघेही पाहत नाहीत; आणि माझ्या मते नियम टिकणार की फसणार हे बरेचसे तिथेच ठरते.

या पाटीचा इतिहास तसा लहान आहे. युरोपीय संघाने २००२ साली इलेक्ट्रॉनिक संपर्कातील खासगीपणाबाबत निर्देश काढला, तेव्हा वापरणाऱ्याला माहिती द्यावी आणि नकाराची सोय ठेवावी, एवढीच अपेक्षा होती. २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेण्याची अट आणली आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या संघाच्या माहिती संरक्षण कायद्याने खरी संमती कशाला म्हणायचे याची व्याख्या घट्ट केली. गंभीर उल्लंघनासाठी २ कोटी युरो किंवा कंपनीच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंडाची तरतूद झाली. हेतूत खोट काढण्यासारखे काही नाही. अडचण अशी झाली की प्रश्न कसा विचारायचा हे ज्याला उत्तर ‘हो’ हवे आहे त्याच्याच हाती राहिले आणि दिवसातून वीस वेळा उत्तर देण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मग आधीच खूण करून ठेवलेल्या चौकटी आल्या. अशी चौकट म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी सांगितले. त्यानंतर होकाराला एक क्लिक आणि नकाराला अनेक, अशी मांडणी सर्रास दिसू लागली. फ्रान्समधील माहिती संरक्षण संस्था सीएनआयएलने नेमक्या याच कारणासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी गूगलच्या युरोपातील पानांवर ‘सर्व नाकारा’ असे सरळ बटण आले. दंडाच्या आकड्यापेक्षा मला त्या निर्णयातले मोजमाप महत्त्वाचे वाटते. संमती ‘मुक्त’ होती की नाही यावर वकील वर्षानुवर्षे भांडू शकतात. क्लिक मात्र कोणालाही बोटांवर मोजता येतात.

प्रत्येक संकेतस्थळाने वेगवेगळे विचारण्यापेक्षा वापरणाऱ्याने आपले उत्तर एकदाच ब्राउझरला सांगून ठेवावे आणि ब्राउझरने ते सगळीकडे कळवावे, ही कल्पना काही नवी नाही. ‘डू नॉट ट्रॅक’, म्हणजे ‘माझा माग ठेवू नका’, नावाचा असा संकेत २००९ च्या सुमारास सुचवला गेला आणि पुढील दोन-तीन वर्षांत बहुतेक प्रमुख ब्राउझरांनी तो स्वीकारला. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड असे काहीच नव्हते. ब्राउझर पान मागतो तेव्हा सोबत एक लहानशी ओळ पाठवायची, इतकेच. पण ती ओळ मानण्याचे बंधन कोणावरही नव्हते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर १० मध्ये हा संकेत मुळातच चालू ठेवला, तेव्हा जाहिरात उद्योगाने हे वापरणाऱ्याचे मत नसून ब्राउझरचे मत आहे असे म्हणत तो मानायचे नाकारले. (वापरणाऱ्याच्या मताबद्दलचा हा हळवेपणा आधीच खूण केलेल्या चौकटींच्या वेळी कुठे गेला होता, हे विचारायला हवे होते.) या संकेताचे मानक तयार करणारा डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा गट २०१९ च्या सुरुवातीला बंद झाला.

आता याच गोष्टीचा दुसरा अंक पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या नावाने जवळजवळ तसाच संकेत पुन्हा पुढे आला. तांत्रिक बाजूने पाहिले तर त्याला जुन्याचा सख्खा भाऊ म्हणता येईल. फरक एवढाच की या वेळी कॅलिफोर्नियाच्या खासगीपणाच्या कायद्याखाली हा संकेत म्हणजे ग्राहकाने आपली माहिती विकायला दिलेला वैध नकार मानला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या सेफोरा कंपनीविरुद्धचे प्रकरण १२ लाख डॉलरवर मिटवले आणि या संकेताकडे केलेले दुर्लक्ष हा त्यातला एक आरोप होता. तंत्रज्ञान जवळपास तेच, ओळही तेवढीच लहान. एका खेपेला ती वाऱ्यावर गेली आणि दुसऱ्या खेपेला तिच्यामुळे पैसे मोजावे लागले. ‘उद्योग आपले आपण सुधारतो, सरकारने मध्ये पडू नये’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘कायदा केला की काम झाले’ असे म्हणणाऱ्यांनीही हे दोन अंक शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात ओळ होती आणि बंधन नव्हते. संमतीच्या पाटीत बंधन आहे आणि ओळ नाही.

चार्जरच्या नियमाचे कौतुक मी याच कारणासाठी करतो. युरोपात २००९ च्या सुमारास फोनच्या चार्जरांचे तीसच्या आसपास प्रकार होते. त्या वर्षी प्रमुख उत्पादकांनी मायक्रो-यूएसबी या जोडाबाबत स्वेच्छेने करार केला आणि प्रकार मोजकेच उरले, परंतु अॅपलने आपला वेगळा जोड कायम ठेवला. अखेर २०२२ मध्ये कायदा झाला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅबलेट, कॅमेरा यांसारख्या उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचे झाले. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. अॅपलने सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोन १५ यूएसबी-सीसह आणला. या सगळ्यात फोन घेणाऱ्याला काही वाचावे लागले नाही, कशावर खूण करावी लागली नाही, तक्रारही करावी लागली नाही. सगळे काम कारखान्यातच उरकले. तरीही कायद्याने बोट ठेवले ते चार्जिंगवर, माहितीच्या वहनावर नव्हे. त्यामुळे दिसायला हुबेहूब सारख्या दोन केबलींपैकी एक सेकंदाला ४८० मेगाबिट आणि दुसरी ४० गिगाबिट वाहून नेते आणि कोणती कोणती हे ओळखत बसण्याचे काम पुन्हा आपल्याकडेच येते. नियमाची रेघ जिथे संपली, तिथून आपली खटपट सुरू झाली.

हा धडा जुनाच आहे. अमेरिकेत एके काळी दूरध्वनीच्या तारेला एटी अँड टी कंपनीने न दिलेले कोणतेही उपकरण जोडता येत नसे. दूरध्वनीला रेडिओ-संच जोडून देणाऱ्या, थॉमस कार्टर यांच्या कार्टरफोन या उपकरणाच्या प्रकरणात तिथल्या संपर्क आयोगाने १९६८ मध्ये ही बंदी मोडून काढली. त्यावर कंपनीने, परक्या उपकरणाने जाळ्याला इजा होऊ नये असे कारण देऊन, मध्ये आपलेच संरक्षक उपकरण भाड्याने घेण्याची अट घातली. म्हणजे हक्क मिळाला, पण तो वापरायचा तर दरमहा भाडे भरा. पुढे १९७० च्या दशकात उपकरणांच्या नोंदणीची पद्धत आणि ठरावीक मापाचा प्लग आला, तेव्हा कुठे दुकानातून यंत्र आणून भिंतीत खोचणे शक्य झाले, आणि उत्तर देणारी यंत्रे, फॅक्स व मोडेम यांना घराघरांत वाट मिळाली. १९६८ च्या निकालाची आठवण सगळे काढतात, त्या प्लगची फारसे कोणी काढत नाही.

माझा स्वतःचा राग मात्र वर्गणीच्या बाबतीत आहे. एका सेवेचे सदस्य व्हायला मला मिनिटभरही लागले नव्हते. बाहेर पडायचे म्हटल्यावर आधी कारण विचारले, मग सवलत देऊ केली, मग ‘खरोखरच जाणार का’ असे दोनदा विचारून शेवटी कार्यालयीन वेळेत फोन करायला सांगितले. मी फोन केला नाही, आणि पुढचे चार महिने पैसे जात राहिले. आळस माझाच होता हे कबूल आहे, पण त्या सेवेची सगळी रचना त्या आळसाचा हिशेब धरूनच केलेली होती. जर्मनीने १ जुलै २०२२ पासून यावर साधा उपाय लागू केला: ज्या संकेतस्थळावर अशी वर्गणी घेता येते, तिथे ती रद्द करण्याचे स्पष्ट नावाचे बटणही असलेच पाहिजे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशाच धर्तीचा नियम केला, पण जुलै २०२५ मध्ये, तो अंमलात येण्याच्या काही दिवस आधी, अपील न्यायालयाने रद्द केला. आयोगाने नियमाच्या आर्थिक परिणामांचे आवश्यक ते प्राथमिक विश्लेषण केले नाही, असा न्यायालयाचा आक्षेप होता. बटण असावे की नसावे हा प्रश्न तिथे निकालात निघालाच नाही. चांगल्या नियमाच्या बाजूने असणाऱ्यांनी कागदपत्रांत कसूर केली की काय होते, ते यात दिसते.

नियमांना होणारे काही आक्षेप मला खरेच पटतात. २००९ मध्ये मायक्रो-यूएसबीची नुसती सहमती न होता सक्ती झाली असती, तर २०१४ मध्ये आलेल्या यूएसबी-सीला कदाचित कायदा बदलेपर्यंत ताटकळत राहावे लागले असते. नव्या निर्देशात मानक बदलण्याचा अधिकार युरोपीय आयोगाला दिला आहे, तो किती चपळाईने वापरला जातो हे पाहावे लागेल. दुसरा आक्षेप लहान उद्योगांचा. मोठ्या कंपनीकडे विधी विभाग असतो, नियम कितीही किचकट झाला तरी तो तिला परवडतो, आणि कधी कधी तो प्रतिस्पर्ध्यांच्या वाटेतली भिंत म्हणून उपयोगीही पडतो. दोन माणसांचा उद्योग मात्र घाबरून संमतीची तयार पाटी विकत घेतो. या पाट्यांमागची जी सामाईक चौकट जाहिरात उद्योगाच्या संघटनेने बनवली होती, तीच जीडीपीआरशी विसंगत असल्याचे बेल्जियमच्या माहिती संरक्षण संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठरवले. म्हणजे नियम पाळण्यासाठी म्हणून घेतलेली वस्तूच नियमाबाहेरची निघाली, आणि ज्याने ती भाबडेपणाने लावली त्याला हे कळायचे साधन नव्हते. ‘वाजवी काळजी घ्यावी’ यासारखी वाक्ये वकिलांना आवडतात. ‘रद्द करण्याचे बटण असावे’ हे वाक्य लहान दुकानदारालाही सल्लागाराशिवाय पाळता येते.

कॅलिफोर्नियाने २०२५ च्या ऑक्टोबरात आणखी एक कायदा केला आहे. त्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून ब्राउझर बनवणाऱ्यांनाच हा नकाराचा संकेत वापरणाऱ्याला सहज सापडेल अशा जागी द्यावा लागेल. आजवर त्यासाठी ठरावीक ब्राउझर निवडावा लागे किंवा वेगळी जोडणी बसवावी लागे. एकदा खूण केली की पुढची उत्तरे ब्राउझरनेच द्यायची. ‘सहज सापडेल’ म्हणजे मेनूच्या कितव्या पायरीवर, यावर आता बैठका झडत असतील. त्या पायऱ्या मी मोजणार आहे.