सम्राटाचा वाढदिवस आणि 'सुवार्ता' हा शब्द

मराठी बायबलमधील 'सुवार्ता' किंवा 'शुभवर्तमान' हे शब्द आपल्याला सर्वस्वी ख्रिस्ती वाटतात; मात्र ज्या 'युआन्गेलिऑन' या ग्रीक शब्दासाठी ते योजले गेले, तो येशूच्या जन्माच्या आसपासच्या काळात रोमन सम्राट ऑगस्टससाठी दगडावर कोरला गेला होता, हे मला फार उशिरा कळले.

इ.स.पू. ९ मधील हा लेख आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील प्रिएनी या प्राचीन नगरात सापडला. रोमन साम्राज्याच्या 'आशिया' नावाच्या प्रांतातील (आजचा पश्चिम तुर्कस्तान) ग्रीक नगरांच्या सभेने, ऑगस्टससाठी सर्वोत्तम सन्मान सुचवणाऱ्याला मुकुट देण्याचे ठरवले होते. त्याच्या जन्मदिवसापासून, म्हणजे २३ सप्टेंबरपासून, नवे वर्ष सुरू करावे, ही सूचना रोमन राज्यपाल पॉलस फेबियस मॅक्सिमस याने केली आणि मुकुटही त्यालाच मिळाला. (स्पर्धा प्रजेची आणि बक्षीस राज्यकर्त्याला, हा प्रकार आपल्याला काही अगदीच अपरिचित नाही.) सभेच्या ठरावात ऑगस्टसला त्राता म्हटले असून, या देवाचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी सुवार्तांचा आरंभ होय, असे नोंदवले आहे.

अडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १९०८ मध्ये असे लेख आणि बायबलमधील नव्या कराराची भाषा शेजारी ठेवून दाखवली, तेव्हापासून प्रत्येक ख्रिस्ती शब्दात सीझरला, म्हणजे रोमन सम्राटाला, दिलेले आव्हान शोधण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पूर्णपणे पटत नाही. प्रिएनीच्या लेखात शब्द अनेकवचनी आहे, नव्या करारातील मार्कच्या शुभवर्तमानाच्या आरंभी एकवचनी. शिवाय जुन्या करारातील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात याच धातूची क्रियापदे आधीच आलेली होती; म्हणजे ख्रिस्ती लेखकांना हा शब्द तिथूनही मिळू शकला असता.

तरीही सम्राटपूजा म्हणजे निव्वळ खुशामत, 'दिल्लीश्वरो वा जगदीश्वरो वा' या थाटाची कविकल्पना, असे समजणेही चूक ठरेल, कारण येथे खरी मंदिरे होती, पुरोहित होते आणि यज्ञबळीही होते. इतिहासकार सायमन प्राइस यांनी १९८४ मध्ये आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) या विधींचा अभ्यास करून, दूरच्या सत्तेला आपल्या परिचित जगात स्थान देण्याची ती ग्रीक नगरांची रीत होती, असे मांडले.

सन ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस या आजच्या उत्तर तुर्कस्तानातील प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी, ख्रिस्ती नसल्याचे सांगणाऱ्यांकडून देवांच्या मूर्तींसोबत ठेवलेल्या सम्राट ट्राजनच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करवून घेत असे, आणि हे त्याने स्वतःच ट्राजनला कळवले. ट्राजनने त्याला संमतीदर्शक उत्तर पाठवले, पण त्यात 'आपल्या देवां'च्या पूजेचाच उल्लेख आहे. स्वतःच्या प्रतिमेविषयी त्याने एक शब्दही लिहिलेला नाही.