उभ्या गाडीचं दुखणं

चालून चालून गाडी झिजते, हे कुणालाही पटतं. उभी राहून ती त्याहून जास्त झिजते, हे आमच्या काकांना पटवताना मात्र माझी पुरेवाट झाली. "अगं, इतक्या वर्षांत कुणी बोटसुद्धा लावलं नाहीये तिला, बिघडेल कशी?" हा त्यांचा बिनतोड सवाल. गाडी म्हणजे १९८६ची प्रीमियर पद्मिनी. साताऱ्याच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये, लॉकडाऊनच्या आधीपासून उभी.

बोट लावलं नव्हतं, तिथेच तर घोटाळा होता. टाकीतलं पेट्रोल उडून जाऊन खाली चिकट थर उरला होता. झाकण काढलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. तोच चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत. पेट्रोल पंपाचा पडदा कडक झालेला. क्लचप्लेट गंजून इंजिनाच्या चाकाला, फ्लायव्हीलला, घट्ट चिकटलेली. टायरला वरून नक्षी शाबूत, पण बाजूने भेगा. आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार: सीटमधला काथ्या, वायरिंगचे तुकडे आणि कुरतडलेली एक लग्नपत्रिका. पत्रिका कुणाची, यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. वायरिंगवर कुणी चकार शब्द काढला नाही.

काका किल्ली घेऊन तयारच होते. मिस्त्रींनी ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. जाम असलेल्या इंजिनाला सेल्फ मारला तर पिस्टनच्या रिंगा तुटायच्या. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि "उद्या बघू" म्हणून चहा पिऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे ढकलायला लावली. क्लचप्लेट चिकटलेली, त्याचाही उपयोगच झाला: चाकांचा जोर थेट इंजिनाला. बराच वेळ गाडी ढिम्म. मग कुठेतरी आत काहीतरी सुटलं आणि चाकांबरोबर इंजिनही फिरलं. त्या दिवसाचं काम तेवढंच.

गल्लीतला प्रत्येक जण एकच विचारायचा, "झाली का चालू?" दूधवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं: "चालू काय, आत्ता करतो. थांबवणार कोण?"

हे मला आधी सुचलंच नसतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते पाणी मास्टर सिलिंडरला आणि व्हील सिलिंडरना आतून गंज चढवतं, पिस्टन अडकतात, रबरं फाटतात. त्यामुळे सर्वांत जास्त दिवस आणि पैसा गेला तो कुणालाही न दिसणाऱ्या या कामात: चारही चाकांचे ड्रम खोलणं, नवे किट, नवे होज, मग एकाने पॅडल मारायचं आणि दुसऱ्याने खाली बसून एअर काढायची. पॅडलवर काका होते. "दाबा... सोडा... दाबून धरा" या हुकमांवर इतक्या मुकाट्याने वागताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी तर नाहीच.

सुटे भाग मिळवणं ही वेगळी यात्रा. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडत. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाकड्यासारखी सीट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक याच, त्यामुळे पद्मिनीचा भाग मिळत नाही असं व्हायचंच नाही. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची ती ऑक्टोबर २०२३मध्ये भरली. आता पुण्याच्या नाना पेठेत विचारलं तर दुकानदार आधी आपल्याकडे निरखून बघतो, मग माळ्यावर पोऱ्याला चढवतो. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण असंच मिळालं, धुळीसकट. होज आणि पडदे मात्र नवेच घ्या, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

रंगाचं काम मी करू दिलं नाही. लांबी भरून, घासून, नव्याहून नवी केलेली जुनी गाडी बघितली की मला तिची उगाच दया येते. सडलेली जमीन तेवढी वेल्डिंग करून घेतली, कारण पाय खाली रस्त्याला लागला असता. बाकी मूळचा क्रीम रंग जिथे आहे तिथे आहे.

कागदांचं रामायण थोडक्यात: पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आमची २०२१मध्ये संपलेली. दंड, पर्यावरण कर, विमा, तपासणी. या सगळ्या खर्चात बरी सेकंडहँड गाडी आली असती, हे काकूंनी हिशोब मांडून दाखवलं. हिशोब बरोबर होता. काकांनी तो नीट वाचला, घडी घातली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.

चोक ओढला, डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगीचे पॉइंट पुन्हा एकदा घासले, आणि ती सुरू झाली. निळा धूर, ऑइल सोडलं होतं त्याचा. गॅरेजपासून पोवई नाक्यापर्यंत मिस्त्री स्वतः घेऊन गेले, आणि वाटेत गरज नसताना तीनदा थांबवली.

पेट्रोलचा काटा तेवढा हलत नाही. मिस्त्री तो दुरुस्त करायला तयार नाहीत. "पेट्रोल तुम्हीच टाकलंय ना काका? मग लक्षात ठेवा की!" म्हणून काकांनी वही घातली आहे: तारीख, लिटर, किलोमीटर. किलोमीटरचा आकडाही अडकलेलाच आहे. रोज तोच येतो. काका तो रोज सुबक अक्षरात लिहितात.