एदिर्ने : घुमटाखालचं पाणी

इस्तंबूलला आलेली आपली माणसं पुढे कप्पाडोकियाला जातात, फुग्यात बसतात, फोटो टाकतात. आम्ही दोघी बहिणी नेमक्या उलट्या दिशेला निघालो, एदिर्नेला. बसने अडीच-तीन तास. बल्गेरिया आणि ग्रीस दोन्ही तिथून हाकेच्या अंतरावर. ताईला उस्मानी वास्तुविशारद सिनानची सेलिमिये मशीद बघायची होती आणि मला वेड्यांचं इस्पितळ.

हा शब्द मुद्दाम वापरतेय. आमच्या घरी तो कधी कुणी उच्चारला नाही. मामाचा विषय निघाला की आई म्हणायची, "त्याच्या डोक्यात पित्त चढतं." संपलं.

सेलिमियेबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. जेवण उरकून (काळजाच्या पातळ चकत्या कडक तळलेल्या, सोबत तळलेल्या सुक्या मिरच्या, ताईने फक्त मिरच्या खाल्ल्या) आम्ही तुंजा नदीचा पूल ओलांडला. समोर उस्मानी सुलतान दुसऱ्या बायझीदचं संकुल. लांबून बघितलं तर संक्रांतीची सुगडं पालथी घालून ठेवल्यासारखे घुमटच घुमट. सुलतानाने 1484 मध्ये पाया घातला आणि 1488 मध्ये काम पुरं झालं. मशीद, गोरगरिबांसाठी मुदपाकखाना, वैद्यकीचा मदरसा आणि दारुश्शिफा, म्हणजे बरं होण्याचं घर. खर्च वक्फच्या उत्पन्नातून. वक्फनाम्यात एक मुख्य हकीम, दोन हकीम, दोन शल्यवैद्य, दोन डोळ्यांचे वैद्य अशी नेमणूक. रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. 1997 पासून इथे आरोग्याचं संग्रहालय आहे आणि 2004 मध्ये त्याला युरोपीय परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला.

दोन अंगणं पार करून आत गेलो. मधे षटकोनी दालन, वर मोठा घुमट, घुमटाच्या माथ्यावर उजेडाचा झरोका आणि त्याच्या बरोबर खाली कारंजं. भोवती थंडीत राहायच्या सहा खोल्या आणि त्यांच्या मधेमधे उन्हाळ्यासाठी मोकळे ओटे. दारासमोरचा ओटा वादकांचा. सतराव्या शतकात प्रवासी एव्लिया चेलेबी इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की दहा गाणारे-वाजवणारे पगारावर होते आणि आठवड्यातून तीनदा मैफल व्हायची. रुग्णांना वासाची फुलं द्यायचे, तेव्हा कुणी ती पायाखाली तुडवायचे. साखळदंडांचा उल्लेखही त्याच्याच लिखाणात आहे. फुलं आणि साखळ्या एकाच पानावर वाचल्या म्हणून मला तो माणूस खरा वाटतो.

शाळेची सहल बाहेर पडली आणि दालन रिकामं झालं. ताई चौदा वर्षं गाणं शिकलीय. तिने इकडेतिकडे बघून हळूच भूपातला एक सा-रे-ग-प लावला. आवाज वर गेला, घुमटाला टेकला आणि सगळीकडून एकदम खाली आला, पाण्याच्या आवाजात मिसळून. मूळ सूर कुठून निघाला तेच कळेना. दारातला पहारेकरी हसला आणि त्याने बोटाने ‘आणखी’ अशी खूण केली. ताई लाजली. नंतर तिला वाचून दाखवलं की इथले मकामही, म्हणजे त्यांचे राग, दिवसाच्या वेळेनुसार ठरलेले असत, तेव्हा म्हणाली, "मग दुपारी तीनला भूप चुकलाच माझा."

हे सगळं एदिर्नेत अचानक उगवलेलं नव्हतं. दमास्कसला नुरुद्दीनचा बिमारिस्तान 1154 चा. बिमारिस्तान म्हणजे बिमारांची जागा, शब्द फारसी, आपल्याला अर्धा कळतोच. आणि त्या काळात एकच समज होती असंही नाही. अरबीत ‘मजनून’ म्हणजे ज्याला जिन लागलाय तो. आपलं ‘लागीर’ तेच. पण हकीम म्हणत, हे सौद्याचं, म्हणजे काळ्या पित्ताचं काम. युनानी दवाखान्यात हा शब्द आजही ऐकू येतो. तुर्कीतला प्रेमासाठीचा ‘सेवदा’ हा शब्दही यातूनच आलाय, त्यामुळे ‘काळं प्रेम’ म्हणजे झुरणं. ते वाचताना मला आईचं ‘पित्त चढतं’ आठवलं. आई काही चुकीचं बोलत नव्हती, फक्त हजार वर्षं जुनं बोलत होती.

जुना हकीम इब्न सिना तर झुरणाऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून एकेक नाव घ्यायला सांगतो. ज्या नावाला नाडी उडेल, तिच्यासाठी हा झुरतोय. त्याच्याही आधीचा विद्वान अबू झैद अल-बल्खी मला जास्त जवळचा वाटतो. दुःख दोन प्रकारचं, असं तो म्हणतो. एकाचं कारण माहीत असतं, माणूस गेला, पैसा गेला. दुसऱ्याचं कारणच सापडत नाही. ते शरीरातून येतं, त्याला औषध हवं. आणि घरात जशी अडीनडीला औषधं ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार बाजूला काढून ठेवावेत.

मामाचं दुःख दुसऱ्या प्रकारचं होतं. आमच्याकडे देव आणि पीर यांत फार भेद नव्हता, म्हणून त्याला एका दर्ग्यावर नेलं. दंडाला हिरवा दोरा. तिथले लोक मायेने वागले, पण रात्री पायात साखळी. मी आठ वर्षांची होते आणि ती साखळी सायकलच्या कुलपाने लावलेली होती, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आहे. पुढे 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला अशाच बांधलेल्या 28 जणांचा आगीत जीव गेला, ती बातमी आईने अर्धवट वाचून पेपर घडी घालून ठेवला. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने साखळी बेकायदा ठरवली. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर ‘दवा-दुआ’ नावाने मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला डॉक्टरांकडेही पाठवतात. मामा त्याच्या आधीच गेला.

एका खोलीत गुडघ्यात डोकं घालून बसलेला पुतळा होता. ताई तिथे थांबली नाही.

परत येताना पुलावर मात्र थांबली. नदीला पाणी बेताचंच होतं, दगडांवरून खळखळत जाणारं.

"मामा रहाटापाशी बसायचा, आठवतं?" ती म्हणाली. "तासन् तास. पोहरा खाली गेला की कान टवकारून ऐकायचा."

मला आठवत होतं. आई त्याला दर वेळी तिथून ओढून आणायची, विहिरीत पडेल म्हणून.