पोस्टहँडलमध्ये साफसफाई करू नका

परवा टीममधल्या एका नवीन मुलीने विचारलं, स्प्रिंग बूटमध्ये (जावाची वेब फ्रेमवर्क) रिक्वेस्ट कंट्रोलरपर्यंत, म्हणजे तिला उत्तर देणाऱ्या कोडपर्यंत, जायच्या आधी अडवायची असेल तर फिल्टर लिहू की इंटरसेप्टर (दोन्ही वाटेतले नाकेच), आणि मला एकदम आमचा तो ऑर्डर कॅन्सलचा घोळ आठवला. तिला सगळा सांगितला, तोच इथे लिहून ठेवतोय.

झालं असं की एका ग्राहकाचा सपोर्टला फोन आला, माझ्या हिस्टरीत कुणाची तरी ऑर्डर कॅन्सल केल्याची नोंद दिसतेय, मी तर त्या वेळी काहीच केलं नव्हतं. ऑडिटचं टेबल उघडलं तर खरंच त्याचाच यूजर आयडी. लॉगमध्येही तोच. माणूस खोटं बोलतोय असं म्हणायला आम्ही जवळजवळ तयार झालो होतो, कारण लॉगवर आपला फार विश्वास असतो ना. पण ती ऑर्डर कॅन्सल झाली होती पेमेंट गेटवेच्या वेबहुकमधून, म्हणजे गेटवेचा सर्व्हर आपणहून आम्हाला पाठवतो त्या रिक्वेस्टमधून, आणि वेबहुकला लॉगिन असतंच कुठे? मग यूजर आयडी आला कुठून?

आमचा इंटरसेप्टर साधा होता. प्रीहँडलमध्ये (कंट्रोलरच्या आधी चालणारी मेथड) यूजर आयडी एमडीसीत टाकायचा, पोस्टहँडलमध्ये (कंट्रोलरनंतर चालणारी) काढायचा. एमडीसी म्हणजे लॉगिंगसाठी प्रत्येक थ्रेडच्या (रिक्वेस्ट हाताळणारा कामगारच म्हणा) खांद्याला अडकवलेली पिशवी समजा, त्यात टाकलेलं त्या थ्रेडवरच्या प्रत्येक लॉग ओळीत छापता येतं, आणि ऑडिटचा कोडही आयडी तिथूनच उचलत होता. बरं, टॉमकॅटचे (आमचं अ‍ॅप चालवणारा वेब सर्व्हर) थ्रेड प्रत्येक रिक्वेस्टला नवे जन्माला येत नाहीत, पूल असतो, डिफॉल्ट जास्तीत जास्त 200, तेच तेच फिरत राहतात. लग्नाला भाड्याने आणलेली पातेली न घासता परत दिली की पुढच्या लग्नात आमटीला आधीच्या बासुंदीचा वास, तसं.

आम्ही घासत होतो, पण पोस्टहँडलमध्ये. आणि कंट्रोलरने एक्सेप्शन (एरर) फेकलं की स्प्रिंग पोस्टहँडलला हातच लावत नाही. अगदी कंट्रोलर अ‍ॅडव्हाइसने ते एक्सेप्शन पकडून यूजरला नीटनेटका एरर जेसन पाठवला तरीही नाही, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं. लॉगमध्ये एचटीटीपी-एनआयओ-8080-एक्झेक-7 हा थ्रेड धरून मागे मागे गेलो, तर वेबहुकच्या अगदी आधीची ओळ त्या ग्राहकाचीच, कूपन लावताना 500 (सर्व्हर एरर) आलेली. पिशवीत त्याचा आयडी तसाच राहिला.

मग रोज का दिसत नव्हतं? कारण लॉगिनवाली पुढची रिक्वेस्ट आली की प्रीहँडल आयडी बदलून टाकायचं, जुनं झाकलं जायचं. वेबहुकचा पाथ मात्र आम्ही इंटरसेप्टरमधून वगळला होता, तिथे बदलायला कुणीच नव्हतं. म्हणजे एकाच थ्रेडवर आधी एरर आणि लगेच मागून वेबहुक, हा योग जुळला तरच दिसणार. लोकलला किती वेळा करून पाहिलं, येईचना, शेवटी टॉमकॅटचे मॅक्स आणि मिन-स्पेअर थ्रेड दोन्ही 1 केले आणि पहिल्याच फटक्यात आलं. ही युक्ती लक्षात ठेवा, थ्रेडलोकलचा, म्हणजे थ्रेडला चिकटून राहणाऱ्या डेटाचा, कुठलाही संशय असेल तर थ्रेड एकच ठेवायचा.

आता कुणी म्हणेल आफ्टरकम्प्लिशनमध्ये काढा, म्हणजे इंटरसेप्टरच्या रिक्वेस्ट आटोपल्यावर चालणाऱ्या मेथडमध्ये. ती एक्सेप्शननंतरही चालते हे खरं, पण तुमचं स्वतःचं प्रीहँडल ट्रू देऊन संपलं असेल तरच. आम्ही प्रीहँडलमध्ये आयडी टाकल्यावर डेटाबेसमधून प्रोफाइल काढत होतो, तिथेच फाटलं तर आफ्टरकम्प्लिशन पण गेलं. म्हणून ते काम उचलून फिल्टरमध्ये नेलं, वन्सपररिक्वेस्टफिल्टर घेतला, ट्रायच्या आत पुढची साखळी आणि फायनलीमध्ये (जे काहीही झालं तरी चालतंच) रिमूव्ह, विषय संपला. फिल्टर ही मुळात सर्व्हलेटची, म्हणजे जावाच्या मूळ वेब मानकाची, गोष्ट, 2001 च्या 2.3 स्पेसिफिकेशनपासून आहे, डिस्पॅचर सर्व्हलेटच्या (रिक्वेस्ट कंट्रोलरकडे धाडणारं स्प्रिंगचं दार) बाहेर उभा असतो, त्यामुळे आत काहीही फुटलं तरी परतीची वाट त्याच्यातूनच जाते. इंटरसेप्टर आतला, त्याला कुठला कंट्रोलर, कुठली मेथड हे कळतं, अ‍ॅनोटेशन (कोडवर लावलेली खूण) बघून निर्णय घ्यायचा असेल तर तो खरंच छान, तिथे फिल्टर वापरायचा अट्टहास करू नका.

फिल्टरचा क्रम मात्र नीट बघा. बूटमध्ये सिक्युरिटीची साखळी -100 वर असते (आकडा लहान तो आधी), आणि तुम्ही क्रम दिलाच नाही तर तुमचा फिल्टर सगळ्यात शेवटी. यूजर आयडीसाठी ते बरोबर, लॉगिन ठरल्यावरच आयडी कळणार. पण रिक्वेस्ट आयडीवाला (प्रत्येक रिक्वेस्टला ओळखनंबर देणारा) फिल्टर तिथे ठेवला तर 401 (लॉगिन नाही) खाऊन परत गेलेल्या रिक्वेस्टना आयडीच मिळत नाही, आणि नेमक्या त्याच शोधायच्या असतात. म्हणून आमचे आता दोन फिल्टर, एक सिक्युरिटीच्या आधी, एक नंतर. आणि आतल्याने क्लिअर, म्हणजे अख्खी पिशवी रिकामी, करायचं नाही हं, आपण टाकलेली 'की' (key) तेवढी रिमूव्ह, नाहीतर बाहेरच्याचा रिक्वेस्ट आयडीही पुसला जातो आणि शेवटची अ‍ॅक्सेसची ओळ कोरी.

ऑडिटच्या कोडलाही आता यूजर सरळ पॅरामीटरमधून देतो, वेबहुक असेल तर 'सिस्टीम'. लॉगसाठी असलेल्या पिशवीतून व्यवहाराची नोंद करायची हे मुळातच चूक होतं, माझ्या मते खरी चूक तीच.

मग दोन दिवस बसून जुन्या नोंदी तपासल्या, वेबहुकच्या वेळा आणि थ्रेडचं नाव जुळवून. त्या ग्राहकाशिवाय आणखी चौघांच्या नावावर न केलेली कॅन्सलेशन होती. पाचही नोंदी दुरुस्त केल्या आणि पाचही जणांना सपोर्टकडून फोन गेले, चौघांना तर तोवर पत्ताही नव्हता.