खड्डाच तर बुजवायचाय ना!

घरामागे स्विमिंग पूल आहे म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, त्यात पूल घासणारा माणूस कधीच नसतो. पंपाचं वीजबिल नसतं, ॲसिडचे कॅन नसतात, तळाशी कुजणारी पानं नसतात. त्यामुळे आम्ही पूल काढून टाकतोय हे कळल्यावर घरचं सोनं विकायला काढल्यासारखी शांतता फोनवर पसरली. "अगं, लोक पूल बांधतात आणि तुम्ही बुजवताय?" आत्या म्हणाली. मग जरा सावरून, "असो. खड्डाच तर बुजवायचाय ना! चार ट्रक माती टाकली की झालं."

चार ट्रकांत होत नाही.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या एका उपनगरात. उन्हाळा कोरडा आणि कडक, पारा चाळिशीपार जाणं नवलाचं नाही. त्यामुळे 1960-70 च्या दशकांतल्या वसाहतींमध्ये परसात पूल सर्रास दिसतो. आमचाही त्याच काळातला, घराबरोबर आलेला. 32 फूट लांब, 16 फूट रुंद, सरासरी खोली पाच फूट. मुलं लहान होती तोवर वसूल झाला. मग मुलं मोठी झाली, पण पूलला त्याचं सोयरसुतक नसतं. कोणी पोहो न पोहो, पंप रोज चालवावाच लागतो. भर उन्हाळ्यात रोज पाव इंच पाणी नुसतं उडून जातं. पाव इंच ऐकायला काहीच नाही, पण या आकाराच्या पूलमधून ते दिवसाला 300 लिटर होतं. 2015 च्या दुष्काळात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्यभर शहरी पाणीवापरात 25 टक्के कपातीचा आदेश काढला, तेव्हा हिरवळी वाळू देणारे शेजारी आणि आमचा काठोकाठ भरलेला पूल एकमेकांकडे बघत होते.

मग तसाच रिकामा ठेवून द्यायचा? बरेच जण सुचवतात. 1976-77 च्या दुष्काळात लॉस एंजेलिसकडे असे कोरडे पडलेले पूल शोधून पोरं त्यात स्केटबोर्ड फिरवायची, पण तो मोह आमच्या वयाला परवडणारा नाही. रिकामा पूल रिकामा राहतच नाही. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, तळाशी पाणी साचतं, हिरवं होतं आणि डासांची सोय होते. 2007 मध्ये कर्जं थकून घरं जप्त होऊ लागली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्याच केर्न काउंटीत ओस पडलेल्या घरांमागचे हिरवे पूल आणि डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूची वाढलेली लागण यांचा संबंध संशोधकांनी दाखवून दिला होता. आजही इथली डासनियंत्रण खाती पूलमध्ये सोडायला गप्पी माशांचे भाऊबंद फुकट देतात, आणि कोणाचा पूल हिरवा झालाय ते हवाई छायाचित्रांवरून शोधून काढतात.

शिवाय पोरांची धास्ती. अमेरिकेत 1 ते 4 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण म्हणजे बुडणं. आणि शेजारचं मूल कुंपण ओलांडून तुमच्या पूलमध्ये पडलं, तर ते न विचारता आलं होतं म्हणून तुम्ही सुटलात असं कायदा मानेलच याची खात्री नाही. मुलांना खेचून घेणारी धोक्याची वस्तू तुम्ही बाळगलीत, असं धरलं जाऊ शकतं. विमा कंपनी हे कधी विसरत नाही.

तेव्हा बुजवायचाच ठरला. इथे रस्ते दोन फुटतात. पहिला स्वस्तातला: पूलच्या तळाला भोकं पाडायची, भिंतींचा वरचा दोन-तीन फुटांचा भाग तोडायचा, तोच राडारोडा तळाशी टाकायचा, वर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं) कापड आणि मग मातीचा भराव. पूलचं काँक्रीटचं कवच खालीच राहतं. दुसरा रस्ता: सळ्यांसकट सगळं काँक्रीट उपसून बाहेर काढायचं आणि खड्डा इंजिनिअरच्या देखरेखीखाली भरायचा. आम्हाला आलेल्या कोटेशनांत या दोन्हींत जवळपास दुपटीचा फरक होता. बहुतेक लोक पहिला पर्याय घेतात, आणि वर नुसती बाग करायची असेल तर त्यात काही वावगं नाही. पण मग त्या जागेवर पक्कं बांधकाम विसरायचं, आणि घर विकताना गिऱ्हाइकाला लेखी सांगायचं की जमिनीखाली पूल आहे. कॅलिफोर्नियात घर विकताना भरून द्यायच्या फॉर्मवर "जागेत कुठे भराव आहे का" हा प्रश्न स्वतंत्रच असतो.

आमच्या डोक्यात मात्र परसात आई-बाबांसाठी एक छोटं घर होतं. 2017 पासून राज्याने अशा घरांचे नियम टप्प्याटप्प्याने सैल केलेत. म्हणून पैसे गेले तरी चालतील, कवच काढायचं असं ठरलं. नवरा आठवडाभर हिशेब मांडत बसला आणि शेवटी त्यालाच ते पटलं.

आता गंमत अशी की या सगळ्या कामात मातीपेक्षा पाण्याचाच विचार जास्त करावा लागतो. पहिला प्रश्न, आहे ते पाणी कुठे सोडायचं? 72 हजार लिटरच्या आसपास पाणी. रस्त्याकडेच्या जाळीत सोडायचं नाही, कारण पावसाच्या पाण्याची ती गटारं प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नद्यांना मिळतात, आणि क्लोरिन किंवा शेवाळ मारायला टाकलेलं तांबं माशांच्या मुळावर येतं. पाणी सोडायचं ते सांडपाण्याच्या लाइनमध्ये. घराच्या भिंतीलगत तिचं झाकण असतं, त्याला इथे क्लीनआउट म्हणतात. त्यात पंपाचा पाइप घालून हळूहळू उपसायचं, तेही आधी परवानगी घेऊन. घाई केली तर तुंबलेलं पाणी आपल्याच बाथरूममधून वर येतं.

दुसरी गोष्ट ऐकून मी आधी हसले होते: रिकामा पूल तरंगू शकतो. जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल आणि पूल रिकामा असेल, तर खालून येणारा दाब अख्खं काँक्रीटचं भांडं वर उचलतो. भरलेलं असताना आतल्या पाण्याचं वजन त्याला दाबून धरतं. म्हणून हे काम पावसाआधी उरकायचं, आणि रिकामं केल्याबरोबर तळाला भोकं पाडायची. काँक्रीट खाली राहू देणाऱ्यांनाही ती भोकं चुकत नाहीत, नाहीतर बागेखाली एक अदृश्य हौद तयार होतो. दर पावसात तो भरतो आणि वरची माती लिबलिबीत होते. आमच्या शहराचा इन्स्पेक्टर भराव घालण्याआधी एकदा येऊन जातो, तो मुख्यतः हेच बघायला.

खणण्याआधी जमिनीखालच्या तारा-नळ्या दाखवून घ्यायला 811 या नंबरवर कळवावं लागतं. मग एकेक कंपनीची माणसं येऊन जमिनीवर रंगाचे फराटे मारून जातात: विजेचा लाल, गॅसचा पिवळा, पाण्याचा निळा, सांडपाण्याचा हिरवा. पण ते मीटरपर्यंतच. मीटरपासून पूलच्या हीटरकडे गेलेली गॅसची नळी तुमची खाजगी, ती कोणी दाखवत नाही. ती शोधून बंद करून घेणं आपल्याच गळ्यात.

तोडफोडीबद्दल फार लिहीत नाही. जेसीबीचा धाकटा भाऊ शोभेल असं यंत्र आलं, ते बाजूच्या बोळातून जाईना म्हणून शेजाऱ्यांच्या परवानगीने कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या, आणि मग दिवसभर कानठळ्या. असे पूल सळ्यांच्या जाळीवर नळीने काँक्रीट फवारून बनवतात. हे फवारणीचं तंत्र कार्ल एकली नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या भिंती दुरुस्त करताना शोधलं, आणि हा एकली मुळात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारा कारागीर! तुटलेल्या कडांवर थर स्पष्ट दिसत होते. वर निळ्या टाइलची पट्टी, मागे पांढरं प्लास्टर, मग राखाडी काँक्रीट, आणि त्यातून लोंबणाऱ्या गंजलेल्या सळ्या. सळ्या भंगारात गेल्या, काँक्रीट रस्त्याखालची खडी व्हायला गेलं.

आता आत्याचे चार ट्रक. आपल्याकडच्या हिशेबाने सांगते: पूलचं पोटच साडेपंचवीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कवच काढल्यावर खड्डा आणखी मोठा होतो, आणि माती दाबली की बसते, म्हणजे तिशीच्या वरच धरा. इथला डम्पर एका खेपेला दहा घनयार्ड, म्हणजे पावणेतीन ब्रास आणतो. करा भागाकार.

आणि माती ओतून चालत नाही. आठ-आठ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. धुम्मस म्हणजे इथे पेट्रोलवर उड्या मारणारं यंत्र, पण काम तेच, माती ठोकून बसवायचं. आमच्या काकांना हे सगळं न सांगता कळलं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. सगळ्या खानदानात "पूल का बुजवताय" न विचारणारा एकमेव माणूस. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला खड्ड्याच्या काठावर उभं केलं आणि विचारलं, "थर किती इंचांचा घालतायत? पाणी अंदाजाने मारतात की मोजून? प्रॉक्टर किती आलं?"

प्रॉक्टर म्हणजे लॉस एंजेलिसच्या पाणीखात्यातला इंजिनिअर, राल्फ प्रॉक्टर. मातीत नेमका किती ओलावा असला की ती जास्तीत जास्त घट्ट दाबली जाते, हे मोजायची रीत त्याने 1933 मध्ये मांडली. कोरडी माती दबत नाही, चिखल तर नाहीच नाही. मधला एक बिंदू असतो. प्रयोगशाळेत त्या बिंदूला मिळालेली घनता शंभर टक्के धरायची, आणि जागेवरची तिच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे, अशी अट आमच्या परवान्यात होती. ते तपासायला सॉइल इंजिनिअरकडची एक मुलगी पिवळी पेटी घेऊन यायची. सळईवर हातोडा मारून थरात भोक करायची, पेटीचा दांडा त्यात उतरवायची आणि चार पावलं मागे सरून उभी राहायची. पेटीत किरणोत्सारी स्रोत असतो, मातीतून किती किरण पार होतात त्यावरून घनता कळते. मिनिटभराने आकडा. एकदा 87 आला. तिने नुसती मान हलवली आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी तो थर उकरून, पाणी मारून पुन्हा दाबला. हे काकांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की मला वाटलं पेढेच वाटतील.

पहिल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात जमीन बोटभर खचली, तिथे वरून थोडी माती ओढली. तेवढंच. इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचा अहवाल घराच्या कागदांबरोबर फाइलला लागला. तुम्ही इकडे घर बघत असाल आणि परसात चौकोनी हिरवळ जरा जास्तच नवी दिसली, तर तो अहवाल मागा. नाही म्हणाले तर खाली काय आहे ते ओळखा.

छोट्या घराचे नकाशे आम्ही मंजुरीला दिलेत. पहिल्याच फेरीत शेरा आला की जुन्या हवाई छायाचित्रात या जागी पूल दिसतोय, भरावाचा अहवाल जोडा. जोडला. आता गाडी अडलीय ती नव्या घराचं सांडपाणी कुठे जोडायचं यावर, कारण पूलचं पाणी जिथे सोडलं ती लाइन आमच्या मापाला उथळ निघाली. काकांनी उताराचा हिशेब मागवलाय.